उत्तर आणि उत्तरदायित्व

'जबाबदारी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण तो फोडून क्वचितच पाहतो. जबाब देणे ज्याच्याकडे आहे तो जबाबदार. संस्कृताच्या वळणाने लिहिणारे लोक त्याच अर्थी 'उत्तरदायित्व' म्हणतात, आणि तेथेही कल्पना तीच आहे: उत्तर ज्याने द्यावयाचे, त्यानेच त्या उत्तराचे ओझे वाहावयाचे. एक शब्द फारसीच्या वाटेने आला, दुसरा संस्कृत धातूंतून घडविला गेला. तरी उत्तर देणे आणि दिलेल्या उत्तराला बांधले जाणे या दोन क्रिया दोहोंनीही एकत्र गोवल्या आहेत. माणसांच्या जगात त्या अलग होऊच शकत नव्हत्या, म्हणून अलग शब्दांची गरज पडली नसावी.

आता मात्र त्या अलग करता येतात. प्रश्न लिहावा किंवा तोंडाने बोलावा, आणि क्षणार्धात शुद्ध, सौम्य, आर्जवी भाषेत उत्तर मिळावे, अशी यंत्रणा गेल्या काही वर्षांत सर्वत्र झाली आहे. तिला चॅटबॉट म्हणतात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाल्यापासून ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. बँका, विमान कंपन्या, रुग्णालये यांनी ती वापरात आणली, आणि २०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी तर 'कुंभ सहायक' नावाचा असा चॅटबॉट हिंदी, इंग्रजी आणि आणखी नऊ भारतीय भाषांत सिद्ध करण्यात आला होता. स्नानाचा घाट कोठे, वाहने कोठे उभी करावयाची, निवाऱ्याची सोय कोठे, हे कोट्यवधींच्या गर्दीत कोणाकोणाला विचारावे? तेव्हा ते यंत्र उपयोगी पडले असेल तर नवल नाही. अशा वेळी आपल्याकडील एखाद्या देवस्थानच्या समितीत कोणी तरुण सभासद उठून म्हणाला की आपणही आपल्या भाविकांसाठी मराठी, कोंकणी, कन्नड, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा भाषांत उत्तरे देणारे यंत्र बसवू या, तर त्याला हसून खाली बसविता येणार नाही. खर्च पूर्वीइतका राहिलेला नाही, कारागीर सापडतात, आणि गरज तर उघड आहे.

गरज किती खरी आहे हे गोव्याच्या देवळांशी ज्यांचा संबंध आहे त्यांस सांगावयास नको. सोळाव्या शतकात देवांनाच घर सोडावे लागले. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. देव नदी ओलांडून थांबले; कुळावी मात्र पुढे चालत राहिले. कोणी कारवार, अंकोला, मंगळुरास गेले, कोणी केरळात कोचीपर्यंत पोहोचले, कोणी बेळगावी, कोणी मुंबईस, कोणी बडोद्यास. चारशे वर्षांत त्यांच्या घरातल्या भाषा बदलल्या, निदान लिहिण्यावाचण्याच्या बदलल्या. आज जत्रेच्या दिवशी सभामंडपात उभे राहिले तर एकाच कुळदेवतेच्या दारी चार लिप्या वाचणारी माणसे भेटतात. त्यांतील एखादी सून, जिला सासरची भाषा पुरती येत नाही, आपल्या मनातला प्रश्न आपल्या भाषेत विचारू शकली, तर त्यात वाईट काय?

वाईट काही नाही. विचारण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. विचार करावयाचा तो उत्तराचा.

त्यासाठी हे यंत्र आत काय करते हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. देवस्थानचे वेळापत्रक, सेवांचे दर, उत्सवांच्या तिथी, स्थळमाहात्म्य, धर्मशाळेचे नियम हे सारे कागद त्यास दिले जातात. त्यांचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक माळ दिली जाते. भाविकाने प्रश्न विचारला की त्याचीही तशीच माळ होते, आणि जिच्याशी तिचे साम्य अधिक ते तुकडे बाहेर काढले जातात. मग भाषेचा मोठा साचा, ज्याने पूर्वी अब्जावधी शब्दांचा मजकूर पचविलेला असतो, त्या तुकड्यांवरून वाक्ये जुळवितो. भाषा अनेक असल्या तर दोन मार्ग असतात. एक, प्रश्नाचे इंग्रजीत भाषांतर करावयाचे, उत्तर इंग्रजीत तयार करावयाचे, आणि ते पुन्हा भाविकाच्या भाषेत उतरवावयाचे. दुसरा, अनेक भाषा जाणणाऱ्या एकाच साच्याकडून थेट उत्तर घ्यावयाचे. दोन्ही मार्गांत यंत्राला शब्दांमागचे शब्द अनुमानाने सापडतात. त्याला देऊळ दिसत नाही.

आता 'नवस' हा शब्द घ्या. इंग्रजीत गेला की तो 'व्हाव' होतो, आणि परतताना 'शपथ' किंवा 'प्रतिज्ञा' होऊन येतो. मुलगा बरा झाल्यावर जिने नवस फेडावयाचा आहे, त्या बाईला आपण शपथ मोडल्याचे प्रायश्चित्त वाचावयास मिळाले तर दोष कोणाचा? 'महाजन' हा शब्द त्याहून अवघड. गोव्यात देवळाचे महाजन म्हणजे कोण, हे परंपरेने ठरले आहे, आणि पोर्तुगीज राजवटीतील १९३३ च्या देवस्थान नियमावलीने त्याला कायद्याचा निश्चित अर्थही दिला. हिंदीच्या पुस्तकांवर पोसलेल्या यंत्राच्या लेखी महाजन म्हणजे सावकार. कोंकणीचे तर आणखीच. 'म्हाका अभिशेक करपाक जाय' असे एखाद्याने लिहिले, तर 'जाय' म्हणजे 'हवे' हे यंत्राला उमजले पाहिजे. ज्याच्या पोटात कोंकणी थोडी आणि मराठी-हिंदी पुष्कळ आहे, त्याला त्या शब्दात कोणीतरी जाताना दिसेल. 'चली' म्हणजे मुलगी हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण हिंदीत चली म्हणजे निघाली. असे अपघात सुधारता येतात, सुधारतही आहेत. परंतु ते सुधारण्यासाठी कोणाच्यातरी ध्यानी यावे लागतात, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

अधिक बारीक प्रकार तिथींचा आहे, कारण तेथे उत्तर चुकतही नाही आणि तरी भाविक चुकतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षात दोघांचे महिन्याचे नाव एकच असते, आणि कृष्ण पक्षात ते एका महिन्याने वेगळे होते. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, हिंदी पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवाळीची अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. दिवस तोच, नाव निराळे. बडोद्याचा मराठी माणूस या बाबतीत सुखी, कारण गुजरातही अमान्तच मानतो. ग्वाल्हेरच्या घरात मात्र देवघरातले पंचांग एक सांगते आणि बाजारातली दिनदर्शिका दुसरे. आता समजा, ग्वाल्हेरच्या कोणी आपल्या आजोबांच्या कागदात 'कार्तिक वद्य अष्टमी' अशी श्राद्धतिथी वाचली आणि यंत्राला मराठीतच विचारले. यंत्राने हिंदी मजकुरांतून उचलून उत्तर दिले तर तो मनुष्य महिनाभर आधी श्राद्ध करून मोकळा होईल. येथे भाषांतर निर्दोष आहे, व्याकरण निर्दोष आहे, तिथीची गणना निर्दोष आहे. चुकले एवढेच की विचारणारा कोण, कोणत्या परंपरेतला, हे यंत्राने विचारले नाही. खेड्यातला अल्पशिक्षित उपाध्यायही आधी तेच विचारतो: तुमचे पंचांग कोणते?

प्रश्नोपनिषदाची रचना या संदर्भात मला फार मोलाची वाटते. सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात. तो त्यांस लगेच उत्तर देत नाही. एक वर्ष तपाने, ब्रह्मचर्याने, श्रद्धेने येथे राहा, मग इच्छेस येईल ते विचारा, आणि आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे तो म्हणतो. 'ठाऊक असेल तर' ही अट गुरूने स्वतःला घालून घेतली आहे. त्याच उपनिषदात शेवटचा प्रश्न सुकेशा भारद्वाज विचारतो, आणि विचारण्यापूर्वी एक हकीकत सांगतो. कोसलाचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे येऊन षोडशकल पुरुषाविषयी विचारून गेला होता. सुकेशाने सरळ सांगितले की हे मला माहीत नाही. माहीत असते तर सांगितले नसते काय? जो असत्य बोलतो तो मुळासकट वाळून जातो, म्हणून मी असत्य बोलण्याचे धाडस करीत नाही. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. त्या मुकाट्याने गेलेल्या रथाचे चित्र माझ्या मनातून जात नाही. राजपुत्रापुढे अज्ञान कबूल करण्यात सुकेशाची अप्रतिष्ठा झाली असेल. परंतु त्या अज्ञानातूनच तो पिप्पलादाच्या दारी आला.

यंत्र मुळासकट वाळत नाही. हाच त्याच्या आणि सुकेशाच्या मधला भेद आहे. असत्य बोलण्यात त्याचे काहीच जात नसल्यामुळे न बोलण्याचे त्याला कारण नसते. मागच्या शब्दानंतर कोणता शब्द संभवतो हे पाहत पाहत ते वाक्य पुरे करते, आणि अज्ञानाच्या जागीही संभाव्य शब्द सापडतोच. वेताळाने राजा विक्रमाला घातलेली अट अशी की उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील. आपण या यंत्राकरवी तिच्या उलटी अट मांडली आहे: ठाऊक असो वा नसो, बोललेच पाहिजे. हा स्वभाव आवरण्याचे उपाय आहेत, हे मान्य केले पाहिजे. दिलेल्या कागदांत उत्तर नसेल तर 'मला माहीत नाही, कार्यालयात विचारा' असे म्हणावयास त्यास शिकविता येते, आणि चांगले कारागीर ते शिकवितातही. परंतु हा संयम ज्या भाषेत यंत्राने अधिक वाचले आहे तेथे अधिक टिकतो आणि जेथे कमी वाचले आहे तेथे सुटण्याचा संभव अधिक. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते, कोंकणी सांगणारे साडेबावीस लाख. संगणकाच्या जगातील मजकुराचे प्रमाण याहून विषम आहे. मराठी विकिपीडियावर लाखाच्या आसपास लेख, तर कोंकणीवर काही हजार. त्यात कोंकणी देवनागरीत, रोमीत, कन्नडात, मल्याळमात विभागलेली. म्हणजे ज्या भाषेत यंत्राचे ज्ञान सर्वांत तोकडे, त्या भाषेतही त्याची वाणी मात्र आत्मविश्वासाने भरलेली असते. माणसाचे तसे नसते. तोडकी कोंकणी बोलणारा मनुष्य अडखळतो, आणि त्याच्या अडखळण्यावरूनच ऐकणारा सावध होतो.

कोणी म्हणेल, चूक माणूसही करतो. पुजारी चुकतात, कारकून चुकतात, चौकशीच्या खिडकीवरचा स्वयंसेवक तर हमखास चुकतो. हे खरेच आहे. परंतु त्याच्या चुकीला पत्ता असतो. दुसऱ्या दिवशी भाविक येऊन म्हणू शकतो, तू मला असे सांगितलेस. या 'तू'चे काय होते ते २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या एका न्यायाधिकरणापुढे आलेल्या प्रकरणात दिसले. आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूस एअर कॅनडा कंपनीच्या चॅटबॉटने सांगितले की शोकप्रसंगीची सवलत तिकीट काढल्यावरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. तो मनुष्य सवलत मागावयास गेला तेव्हा कंपनीने नकार दिला, आणि प्रकरण वाढल्यावर असा युक्तिवाद केला की त्या चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आमच्यावर नाही; जणू तो चॅटबॉट कोणी निराळीच व्यक्ती होता. न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि भरपाई देवविली. रक्कम क्षुल्लक होती. पण युक्तिवाद क्षुल्लक नाही. एका मोठ्या कंपनीच्या सुविद्य प्रतिनिधींना असे म्हणावेसे वाटले, यावरून मोह किती स्वाभाविक आहे ते कळते. उत्तर देण्याचे श्रेय आपले आणि चुकल्याचे पाप यंत्राचे, ही वाटणी कोणत्याही समितीला गोड वाटेल. देवस्थानच्या बाबतीत ती अधिक गोड वाटेल, कारण तेथे फसवणूक झालेला भाविक न्यायालयात जात नाही. देवाचीच इच्छा म्हणून गप्प बसतो.

लोक यंत्रापाशी फक्त वेळापत्रकच विचारतील अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. मॅसॅच्युसेट्स येथील जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये 'एलायझा' नावाची एक साधी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिला काहीच समजत नव्हते. बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून ती मानसोपचारकासारखा प्रश्न विचारी. वायझेनबॉम ती घडवीत असता महिनोन्महिने जवळून पाहणारी त्याची स्वतःची चिटणीस तिच्याशी चार वाक्ये बोलली आणि त्याला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाल काय? या अनुभवाने तो इतका अस्वस्थ झाला की दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याने यंत्राच्या मर्यादांवर सबंध ग्रंथ लिहिला. एलायझा ज्यांना पुरली त्यांना आजचे यंत्र किती पुरेल? रात्री दोन वाजता 'परदेशात वडील वारले, अंत्यकर्माला पोहोचता आले नाही, मला दोष लागेल काय' असे कोणी लिहील. प्रश्नार्थक चिन्ह आहे म्हणून त्यास प्रश्न म्हणावयाचे. एरवी ते रडणे आहे. २०२३ मध्ये गीतेच्या आधाराने उत्तरे देणारे चॅटबॉट निघाले, आणि त्यांपैकी काहींनी धर्मरक्षणार्थ हत्या समर्थनीय असल्याची उत्तरे दिल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले. गीतेत युद्धाचा उपदेश आहे, तेव्हा यंत्राला ती वाक्ये सापडली यात आश्चर्य नाही. परंतु अर्जुनाला उत्तर देणारा त्याच्या रथावर बसला होता. त्याला अर्जुन ठाऊक होता. समोर कोण आहे हे न पाहता तेच वाक्य वाटेल त्याच्या हाती देणे याला उपदेश म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेत भाषेवाचून मिळणारे उत्तरही आहे, हे येथे आठवते. प्रसाद लावतात, कौल घेतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या जातात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि उजवी पडते की डावी याकडे सारे श्वास रोखून पाहतात. सुधारक मंडळींना हा प्रकार पटत नाही, आणि त्याच्या सत्यासत्यतेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पाकळी पडेपर्यंत थांबावे लागते. कधी ती पडतच नाही. मग गाऱ्हाणे पुन्हा घालावयाचे किंवा परत जाऊन दुसऱ्या दिवशी यावयाचे. त्या थांबण्यात घरची माणसे एकमेकांशी बोलतात. लग्न करावे की न करावे, जमीन विकावी की न विकावी, याचा निर्णय पुष्कळदा त्या ताटकळण्यातच पिकतो. अर्ध्या क्षणात शंभर ओळींचे उत्तर देणाऱ्या यंत्रापाशी हा अवकाश नाही.

एवढे लिहून झाल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल, आणि ती बाजू दुबळी नाही. आपल्याकडे कोणी अनोळखी मनुष्य देवळात येऊन काही विचारू लागला की उत्तराआधी प्रतिप्रश्न येतो: तुम्ही कोणांचे? गाव कोणते? आडनाव? तिथीच्या प्रश्नाला हा प्रतिप्रश्न आवश्यक असतो हे वर म्हटलेच आहे. पण दहांपैकी नऊ वेळा त्याचा हेतू तिथीचा नसतो, हे आपण सारे जाणतो. आडनावावरून उत्तराचा सूर ठरतो. क्वचित उत्तर द्यावयाचे की नाही हेही ठरते. यंत्र आडनाव विचारीत नाही. मासिक अडचणीच्या दिवसांत जत्रेला यावे की न यावे, हा प्रश्न तरुण मुलीला खिडकीवरच्या चार पुरुषांसमोर विचारावा लागत नाही. ज्याच्या आजोबांना सभामंडपाच्या पायरीवरून परत पाठविले गेले असेल, त्याला प्रश्न विचारताना तीच पायरी पुन्हा चढावी लागत नाही. यंत्राची ही अनासक्ती त्याचा सद्गुण नव्हे, कारण समदृष्टी ही साधनेने येणारी वस्तू आहे आणि यंत्राने काही साधना केलेली नाही. पण विचारणाऱ्याला त्या तात्त्विक भेदाशी काय करावयाचे? त्याला मानाने वागविले गेले, एवढे त्याला पुरे आहे. ज्या अंशी लोक यंत्राकडे धावतील त्या अंशी ते आमच्या खिडकीवरील वर्तनाचे मोजमाप ठरेल, आणि यंत्राला विरोध करणाऱ्यांनी हे मोजमाप आधी घ्यावे.

मग यंत्र बसवावे की न बसवावे? माझे मत असे की बसवावे, पण 'जितक्या भाषा तितके चांगले' हा हिशेब सोडून द्यावा. कारागीर सांगेल की एक भाषा काय आणि वीस भाषा काय, यंत्राला सारखेच. त्याच्या दृष्टीने ते खरे आहे. उत्तर ज्याच्या नावाने दिले जाते त्याच्या दृष्टीने खरे नाही. ज्या भाषेतील उत्तर वाचून 'हे बरोबर' किंवा 'हे चूक' असे म्हणू शकणारा एकही मनुष्य देवस्थानापाशी नाही, त्या भाषेत देवस्थानने बोलू नये. आपल्याला न समजणाऱ्या वाक्याखाली सही करणारा मनुष्य आपण शहाणा समजत नाही. संस्थेला निराळा न्याय कशासाठी लावावा? यावर असे म्हटले जाईल की मग तेलुगू भाविकाला काहीच मिळणार नाही, आणि मोडकेतोडके उत्तर काहीच नसण्यापेक्षा बरे. हा आक्षेप वजनदार आहे. महाप्रसाद केव्हा, बस कोठून सुटते, अशा बाबतीत तो मी संपूर्ण मान्य करतो; तेथे चूक झाली तर मनुष्य फार तर तासभर उन्हात उभा राहील. ही अट मी घालतो ती अशौच, श्राद्ध, नवस, कुळाचार, महाजनकीचे हक्क, आणि मन मोडलेल्या माणसाचे प्रश्न यांच्यासाठी. तेथे यंत्राने उत्तर देऊच नये. कोणाकडे जावे ते सांगावे, त्या माणसाच्या भाषेत सांगावे, आणि थांबावे.

कोंकणी-मराठीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर बोलताना आपल्याकडे पुष्कळांची तोंडे भाजली आहेत. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्या द्वैभाषिक नियतकालिकाच्या पानांवर हे लिहीत आहे त्याच्या वाचकांना त्या वादाची पुनरावृत्ती नको आहे. परंतु यंत्र नकळत एक पक्ष घेते, तो असा: त्याची कोंकणी मराठीच्या सावलीत वाढलेली असते. शब्द अडला की ते मराठी शब्दाला कोंकणी प्रत्यय लावून मोकळे होते. पाच-दहा वर्षे भाविकांनी हीच कोंकणी देवस्थानच्या नावाने वाचली तर कुळागरातली, देवळाच्या तळीकाठची, आजीच्या तोंडची बोली अशुद्ध आणि यंत्राची शुद्ध असे मुलांना वाटू लागेल. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही. इंग्रजीच्या सावलीत वाढलेली यंत्राची मराठी आपण रोज वाचतोच आहोत.

राहता राहिली एक व्यवहाराची बाब. विचारलेला प्रत्येक प्रश्न कोठेतरी साठून राहतो. उपाध्यायाच्या कानात सांगितलेले त्याच्याबरोबर जाते. यंत्राला सांगितलेले नोंदीत राहते, आणि ती नोंद बहुधा आपल्या गावातही नसते, दूरच्या कंपनीकडे असते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायद्याची वाट न पाहता समितीने ठरवावे की प्रश्न किती दिवस ठेवावयाचे, कोणी वाचावयाचे, आणि केव्हा पुसून टाकावयाचे. कोणत्या घरात कोणते दुःख आहे याची यादी देवस्थानच्या दप्तरात असणे बरे नव्हे.

तेव्हा अंदाजपत्रक करताना यंत्राच्या खर्चाच्या वर एक ओळ मोकळी सोडावी. प्रत्येक भाषेसाठी एक मनुष्य, जो रोज संध्याकाळी दीपाराधनेनंतर बसून त्या दिवसाची उत्तरे वाचील, चुकलेली सुधारील, आणि ज्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक उत्तराच्या खाली छापता येईल. मराठीसाठी असा मनुष्य मिळेल. गुजरातीसाठी बडोद्याच्या कुळाव्यांतून कोणी तयार होईल. कन्नड लिपीतली कोंकणी वाचून त्यातले हिणकस निवडू शकणारे बहुधा मंगळुराकडचे एखादे निवृत्त शिक्षक असतील, आणि तेही सत्तरीच्या पुढचे. त्यांना दरमहा काय द्यावयाचे, आणि चवथीला ते घरी गेले तर तेवढे दिवस त्यांच्या कोंकणीचे दार बंद ठेवावयाचे की काय, हे यंत्र आणण्यापूर्वी ठरले पाहिजे.